चढावरचं पाणी

आमची आत्या अठ्ठावन्नाव्या वर्षी वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारी, झाली, तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. हे मी अजूनही दिसेल त्याला धरून सांगते. कुणाला कंटाळा येत असेल तर येऊ दे.

तीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर सांभाळला. मग विजेची यंत्रं आली, बॉयलर भंगारात गेला आणि आत्या घरी बसली. सहा महिने ती आमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसवर डाफरत होती. तेवढ्यात तिला कळलं, की गावाबाहेरच्या शेडमध्ये काही हौशी मंडळी एक गंजलेलं जुनं इंजिन खोलून बसली आहेत. बाई गेली ती चार वर्षं परत आलीच नाही म्हणा ना! नळ्या बदलल्या, बॉयलर खरवडला, एकेक बोल्ट तेलात भिजवला. बाबा म्हणाले, "ताई, या वयात कोळसा उपसणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं तिकीट काढून बसा," आत्या म्हणाली.

पण तिकीट कुठलं! आधी बॉयलर तपासणारे साहेब येणार, त्यांना तीन डबे ओढून टेकडी चढून-उतरून दाखवायची. फायरमनची परीक्षाही त्याच फेरीत. नापास झाली, तर इंजिन शेडमध्ये शोभेला आणि आत्या पुन्हा गॅसपाशी, कारण दुसरा फायरमन आमच्याकडे नव्हताच. ड्रायव्हरकाकांनी जन्मभर डिझेल चालवलेलं. वाफ त्यांनाही नवी होती, फक्त ते तसं दाखवत नसत.

परीक्षेच्या दोन दिवस आधी आत्या अर्धी भरलेली पाण्याची बाटली घेऊन रुळांवरून निघाली. शंभर पावलं चालायची, बाटली रुळावर आडवी धरायची, गुडघे टेकून बघायची आणि "हं" म्हणून उठायची. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, धुलाईखान्यातला बॉयलर जागचा हलत नव्हता. हा चढतो, उतरतो. तेव्हा आतलं पाणी कुठे जातं, ते बघतेय." ड्रायव्हरकाका पोट धरून हसले. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

परीक्षेच्या फेरीला माझं काम एकच. इंजिनाच्या कोपऱ्यात वही घेऊन उभं राहायचं आणि दर दोन मिनिटांनी वाफेचा दाब आणि काचेतलं पाणी लिहायचं. काच म्हणजे बॉयलरच्या तोंडावरची उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी फार खाली गेलं, की भट्टीच्या छपरातलं शिशाचं बूच वितळतं, वाफ थेट विस्तवावर येते आणि खेळ खलास.

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, शिट्टी झाली आणि निघालो! पायाखालचं लोखंड थडथडायला लागलं, भट्टीचं दार उघडलं की तोंड भाजत होतं, आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं. चढ लागला. दाब एकशे चाळीस, काच काठोकाठ. सगळं झकास चाललेलं, आणि आत्याने इंजेक्टर उघडला. गार पाणी बॉयलरमध्ये शिरायला लागलं. एकशे तीस. एकशे वीस. इंजिन धापा टाकू लागलं.

"अहो आत्याबाई, काच भरलीय! पाणी कशाला घालताय?" ड्रायव्हरकाका ओरडले. "गाडी चढावरच बसेल!"

"नाही बसणार. तुम्ही ओढा."

एकशे दहा. रुळालगतचं गवत पातं न् पातं दिसावं इतके आम्ही हळू झालो. काकांनी इंजेक्टर बंद करायला हात पुढे केला. आत्याने मध्ये फावडं आडवं धरलं. साहेबांसमोर!

"ही काच आत्ता खरं सांगत नाहीये," ती म्हणाली. "चढावर सगळं पाणी मागे आलंय, आपल्याकडे. माथा ओलांडला की पुढे पळेल. तेव्हा कुठून आणणार पाणी?"

मग तिने भट्टीच्या चार कोपऱ्यांत चार फावडी कोळसा पोळपाटावर पीठ भुरभुरावं तसा पसरला. काटा एकशे पाचवर थांबला. साहेब हात मागे बांधून काट्याकडे बघत होते. चला ना, चला ना, मी मनात म्हणत होते.

माथा आला. इंजिनाचं नाक खाली वळलं आणि काचेतलं पाणी धाडकन उतरलं. अर्धं. पाव. मी वहीत लिहायला विसरले. तळापासून दोन बोटं उरलं आणि थांबलं.

"दोन बोटं," साहेब पहिल्यांदाच बोलले. "बाईंनी घातलं नसतं तर शून्य."

ड्रायव्हरकाकांचा चेहरा कोळशासारखा झाला.

टेकडीपलीकडच्या खालच्या स्टेशनात लोक आधीच जमले होते; साहेबांनी तिथेच कागदावर सही केली. "परत जाताना माणसं बसवा," म्हणाले आणि स्वतःच पहिल्या डब्यात जाऊन बसले. बाबा त्यांच्या आधीच खिडकी धरून बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "फायरमन माझी ताई आहे." मी तर रडायलाच लागले. आनंदाने, उघड उघड.

डबे भरले. हिरवा झेंडा हलला. ड्रायव्हरकाकांनी दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही. ते वळले.

"आत्याबाई, निघायचं का?"

आत्याने काच पाहिली. भट्टीत डोकावली. पुन्हा काच पाहिली. अख्खी गाडी खोळंबली होती, पण तिला घाई नव्हती.

"आता निघा," ती म्हणाली.