ना पक्का, ना ढिला

ड्रॉइंगच्या गुंडाळ्यांना कसर लागते, किश्श्यांना लागत नाही. कोल्हापुरातल्या आमच्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात मी ब्याण्णव साली लागले आणि चौदा वर्षं काढली. त्यातलं एकही ड्रॉइंग आज शोधून सापडायचं नाही. पण जुनी माणसं चहाला जमली, की कुणीतरी म्हणतंच, "मगदूम सरांचं ते सांग की!"

मगदूम सर आमचे मालक. लोखंडी शेडची डिझाइनं करायचे आणि एकाच गोष्टीनं झपाटलेले होते. बीम आणि कॉलमचा जोड पुस्तकात एकतर पक्का धरतात, नाहीतर बिजागरीसारखा मोकळा. सरांचं म्हणणं, खरा जोड मधलाच असतो. थोडं धरतो, थोडं सोडतो, आणि कॉलमची ताकद त्यावर ठरते. सेमी-रिजिड! हा शब्द ते कुलदैवताचं नाव घ्यावं तसा घ्यायचे.

*

कुरुंदवाडचे एक व्यापारी आपल्या गोदामाचं ड्रॉइंग बघायला आले.

"जोड पक्का हाय का ढिला?"

"दोन्हीच्या मधला," सर म्हणाले.

"मधलं काय नसतंय सायेब. लगीन ठरलंय, न्हाईतर न्हाई!"

"बोलणी चालू हाईत, असं समजा."

व्यापारी ड्रॉइंगवर वाकले. मग हळूच म्हणाले, "मोडणार न्हाई न्हवं?"

*

उचगावचे दत्तू मिस्त्री आमच्या बऱ्याच शेड उभ्या करायचे. हात सोन्याचा, पण ड्रॉइंगशी जन्माचं वाकडं. एका जोडासाठी सरांनी आणि मी तीन आठवडे आकडेमोड केली. चार बोल्ट, ना कमी ना जास्त. साइटवर गेले, तर बोल्ट चारच होते. वरून मात्र चहूबाजूंनी वेल्डिंग!

"मिस्त्री, हे काय?"

"मॅडम, जोड जरा हालतोय असं तुमीच म्हणाला हुता की. म्या हालायचा बंद केला."

मी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वेल्डिंग कसं केलंय?"

"फार छान केलंय, सर."

"अगं, तेच तर वाईट झालं!"

*

हिशेबात कॉलम किती लांब धरायचा, याला एक गुणक असतो. जोड ढिला, की गुणक मोठा आणि कॉलम कमजोर. सर हा आकडा तोंडी सांगून मोकळे व्हायचे. तो येतो कुठून, हे मला दोन वर्षं कळेना. शेवटी विचारलंच.

"शेड कोण उभी करणार आहे?" सरांनी उलट विचारलं.

"दत्तू मिस्त्री."

"एक पूर्णांक दोन घे."

"आणि दुसरा कुणी असला तर?"

"दीड."

"आणि शेडमालकाचा मेहुणा असला तर?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग काम घ्यायचंच नाही."

*

एकदा ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत आम्ही जोडाची चाचणी घेतली. वजनं कुठून आणायची? कोल्हापुरात काय तोटा! ओळखीच्या अडत्याकडून गुळाच्या ढेपा, म्हणजे आमच्याकडचे रवे आणले, सगळे सारख्या वजनाचे, आणि बीमवर रचले. बीम किती वाकला ते दाखवणारा काटा खाली लावला आणि जेवायला गेलो.

परत येऊन बघतो, तर काटा मागे आलेला! सर हरखले. "बघ, लोखंड सावरलं!" लगेच वहीत तसं लिहिलंसुद्धा.

मी रवे मोजले. दोन कमी. शेजारच्या गॅरेजचे दोघं मेकॅनिक त्याच दोन रव्यांवर कागद अंथरून, ऐसपैस बसून भाकरी खात होते.

"बसाय घेतलंय, मॅडम. ठेवतो की परत!"

सरांनी वहीतलं वाक्य खोडलं नाही. त्याखाली फक्त लिहिलं, "वजन जेवायला गेलं होतं."

*

आणि हा शिरोळचा. एका पावसाळ्यात तिकडं मोठा पूर आला. आम्ही डिझाइन केलेलं एक गोदाम अगदी नदीकाठच्या मळ्यात होतं. पाणी ओसरल्यावर मालकांचा फोन आला, "येऊन बघून जावा." सर आणि मी जीपनं निघालो.

गोदाम उभं होतं. कॉलमवर छातीच्या वर गाळाची रेघ. आत एक माळा होता, रिकामं बारदान, पोतीबिती ठेवण्यापुरता. हातगाडी चढावी म्हणून त्याला उतार केलेला.

मालकीणबाई सांगू लागल्या. पाणी एकाएकी वाढलं, वाट तुटली. मग वस्तीवरची सगळी माणसं त्या माळ्यावर चढली. बाळंतीण होती, म्हातारी माणसं होती. "आन् म्हशी कशा सोडायच्या? अकरा म्हशी चढवल्या उतारावनं. चार दिस हुतो वर."

सरांचा चेहरा उतरला. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ते हिशेब करायला लागले. एकदा केला. खोडला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मला करायला लावला. माझंही उत्तर तेच आलं.

मालकीणबाई चहा घेऊन आल्या. "सायेब, कागुद काय म्हणतोय?"

"माळा पडला म्हणतोय, वहिनी."

"कवा?"

"तिसरी म्हैस चढली तेव्हाच."

बाईंनी कपबश्या बॉनेटवर ठेवल्या. वर माळ्याकडं बघितलं, मग सरांकडं.

"मग चार दिस आमी कशावर हुतो?"