ईटचं फोल्डर

आमच्या संस्थेच्या मीटिंगला चहा आला की शेळ्यांवर कुणी बोलत नाही. काम शेळ्यांचं, पण किस्से सगळे झेड ड्राइव्हचे. एकीनं सांगितला की दुसरीला आपला आठवतो, आणि घरी निघेपर्यंत पदरात आणखी एक पडलेला असतो. मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या केंद्रावर बसते. माझ्याकडं बरेच साठलेत. पूर्वी ते सांगताना हसू आवरायचं नाही. आता सांगता सांगता एका जागी थांबायला होतं.

आधी झेड ड्राइव्ह म्हणजे काय ते सांगते. धाराशिवच्या मुख्य ऑफिसात एक मोठा कॉम्प्युटर आहे, सर्व्हर म्हणतात त्याला. त्यातलं एक कपाट आम्हा सगळ्या केंद्रांना इंटरनेटवरून उघडतं. प्रत्येक केंद्राचं त्यात आपलं फोल्डर, दुसऱ्याचं दिसत नाही. शेळी व्याली, लस दिली, आजारी पडली, की फोटो आणि माहिती फोल्डरात टाकायची. डॉक्टर तिकडं बघून औषध सांगतात. लाइन गेली की झेडवर लाल फुली येते. मग मिलिंदसरांना फोन.

मिलिंदसर म्हणजे सगळ्या केंद्रांना मिळून एकच कॉम्प्युटरवाले. आवाज कधी चढवत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी मला फोनवर राउटरची वायर काढायला लावली, परत लावायला लावली, मागचं बटण दाबून धरायला लावलं. मी सगळं केलं. शेवटी थकून म्हणाले, "ताई, आता स्क्रीनवर काय दिसतंय?"

म्हटलं, "काहीच नाही सर. सकाळपासून लाइटच नाही."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

तेव्हापासून ते फोन उचलला की नमस्काराच्या आधी लाइटचं विचारतात.

* * *

येडशीच्या केंद्राची तऱ्हा निराळी. रामलिंगच्या जंगलातली माकडं गावात उतरतात आणि केबलवर झोके घेतात. एकदा मिलिंदसरांनी विचारलं, "केबल नीट आहे का बघता का जरा?" तिथल्या बाई बाहेर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "सध्या चौघंजण बसलेत. उठले की सांगते."

सरांना वाटलं कंपनीची माणसं आली. म्हणाले, "त्यांना माझ्याशी बोलायला सांगा."

* * *

सगळ्यात जास्त किस्से मात्र ईट गावच्या केंद्राचे. तिथं सुनंदा होती. माझ्यापेक्षा थोडी लहान, पण मी तिला ताई म्हणायची आणि ती मला. माहेर धनगराचं, त्यामुळं शेळी लांबून चालताना बघून काय दुखतंय ते सांगायची, डॉक्टरांना विचारायची वेळच यायची नाही. केंद्राची खोली पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की दिवा मिणमिणायचा आणि राउटर झोपायचा.

यावर सुनंदानं आपला उपाय काढला. फोटो टाकायचा झाला की आधी गिरणीत जायचं आणि मालकाला म्हणायचं, "दादा, थोडं थांबा. शेळी चालली धाराशिवला." तो भला माणूस, पट्टा थांबवायचा. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन भिंतीला टेकायच्या. लाइन इतकी हळू की एकेका फोटोला बायांची सुखदुःखं बोलून व्हायची. मध्येच कुणीतरी आत डोकवायचं, "गेली का गं?"

"पाय ऱ्हायलेत अजून."

एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "माझी लेक नांदायला धाडली, तवा बी एवढा येळ न्हाय लागला."

स्क्रीनवर फाइल झेडमध्ये दिसली की सुनंदा गिरणीकडं हात करायची, पट्टा परत सुरू. मग मला फोन. "ताई, पोचलं का?" तिचं फोल्डर मला दिसत नाही हे तिला माहीत होतं. तरी विचारायची. मी म्हणायची, पोचलं असंल.

* * *

खंडेनवमीचा किस्सा सगळ्या केंद्रांचा. त्या दिवशी सकाळपासून सगळीकडं लाल फुली. वाशी, येडशी, ईट, सगळ्या एकमेकींना फोन करतोय, राउटर बंद करतोय, चालू करतोय. मिलिंदसर सासुरवाडीला. शेवटी मी मुख्य ऑफिसात बापूंना फोन लावला. बापू म्हणजे तिथले शिपाई, मूळचे तुळजापूरचे, देवाधर्माचं चुकू देत नाहीत.

"बापू, सर्व्हर बंद पडलाय का बघता का?"

"बंद न्हाय, पुजलाय."

त्यांनी सर्व्हरच्या वायरी काढून, पुसून, पाटावर बसवून हळदकुंकू लावलं होतं आणि झेंडूची माळ घातली होती. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं शिलंगण झाल्याशिवाय हात लावायचा नाही. संस्थेच्या मोठ्या सरांनीसुद्धा त्यापुढं नारळ फोडला होता म्हणे.

त्या दिवशी एकाही केंद्राचं काही ड्राइव्हवर गेलं नाही, आणि कुणाला कुणी बोललं नाही. उलट पेढे वाटले.

* * *

आता थांबायची जागा आली.

एका मीटिंगला मोठ्या सरांनी सगळ्यांची फोल्डरं भिंतीवर पडद्यावर दाखवली. ईटचं उघडलं तर जवळजवळ रिकामं. सर म्हणाले, "ड्राइव्हवर नाही म्हणजे काम नाही. असं केंद्र कशाला चालवायचं?" ईट बंद झालं तर सुनंदाची नोकरी जाणार होती, आणि तिकडच्या बायांना आजारी शेळी घेऊन वाशीपर्यंत यावं लागणार होतं.

सुनंदा उभी राहिली. म्हणाली, मी रोज टाकते, माझ्या मशीनवर समदं दिसतंय. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून आणला होता, तो दाखवला. सर म्हणाले, फोटो काय, कशाचाही काढता येतो. पेनड्राइव्हवर घालून आणायची सोय नव्हती, कारण व्हायरस आल्यापासून सरांनीच पेनड्राइव्ह बंद केले होते.

मिलिंदसरांनी बोलून बघितलं. लाइन कच्ची असली की कॉम्प्युटर कधीकधी झेडची नक्कल स्वतःजवळच ठेवतो, माणसाला वाटतं वर गेलं. मला एकदा ईटला जाऊन बघू द्या, म्हणाले.

"इतके दिवस का नाही गेलात?" मोठ्या सरांनी विचारलं.

एक माणूस सगळ्या केंद्रांना कुठं कुठं पुरणार. चहा आला होता, तो कुणी घेतला नाही.

सुनंदानं पिशवी उचलली. दारात वळून एवढंच म्हणाली, "फोल्डर रिकामं आसंल सर. गोठं रिकामं न्हाईत."

पुढच्या महिन्यात ईट बंद झालं.

* * *

तिथला कॉम्प्युटर आमच्याकडं पाठवला. सुनंदानं तो आपल्या जुन्या साडीत गुंडाळून दिला होता. खंडेनवमीला तिनंही तो पुजला होता, कडेला ते कुंकू अजून होतं. काही दिवस तो कोपऱ्यात पडून राहिला. मग माझा बिघडला, म्हणून तो काढला. वाशीला तोवर नवी फायबरची लाइन आली होती. पासवर्ड तिनं फोनवर सांगितला, तिच्या पहिल्या शेळीचं नाव. मी वायर जोडली आणि चहा ठेवायला गेले.

परत येते तो मिलिंदसरांचा फोन. त्या दिवशी लाइटचं विचारलं नाही.

"ताई, तुम्ही काय केलंत? ईटचं फोल्डर भरायला लागलंय."

मी स्क्रीनकडं बघितलं. एकेका फाइलीपुढं हिरवी खूण उमटत होती. व्यालेल्या शेळ्या, करडं, लस टोचताना धरलेले कान, आणि कुठल्या कुठल्या फोटोत कडेला दळणाचे डबे घेऊन उभ्या बाया. थांबायचं नावच नाही.

मी सुनंदाला फोन लावला. ती आता दुसऱ्यांच्या रानात सोयाबीन काढायला जाते. मागं बायांचा गलका होता. मी सांगितलं, ताई, सगळं पोचायला लागलंय.

ती बाजूला गेली असावी, गलका लांब गेला.

मग हळूच म्हणाली, "शेजारी गिरणी न्हाय ना तुमच्या?"

"नाही."

"मग बंद करू नका. समदं जाऊ द्या."