सासूबाईंच्या रक्तातला संक्रांतीचा हलवा

एका एकादशीने वाशीमच्या दवाखान्यात माझी चांगलीच फजिती केली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट... आम्ही वाशीमकडच्याच जऊळक्याला राहायचो आणि सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला होता.

दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं. पण सासूबाईंना साखरेचा आजार. साखर ताब्यात आली तरच डोळ्याला हात लावीन, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलेलं. नाहीतर थेट पुढच्या वर्षी... तोवर त्यांनी माणसं आवाजावरूनच ओळखायची.

मग दोन महिने मी कंबर कसली. ज्वारीची भाकर, मेथी, आमच्याच बागेतली कारली... किराण्याच्या यादीतून साखर आणि गूळ दोन्ही गेले. एकादशीलासुद्धा त्यांना नुसतं ताक. त्या रोज म्हणायच्या, "एवढं कडू खाऊन डोये येतीन, पण जीभ जाईन." तरी मुकाट्याने जेवायच्या.

तपासणीचा निरोप आला, पेशंटला उपाशी आणा. तारीख पाहिली तर नेमकी एकादशी. मला वाटलं, देवानेच जुळवून आणलं... डॉक्टर स्वतःच उपास करायला सांगतात म्हटल्यावर मी सकाळी साबुदाण्याची उसळ केली. दाण्याचा कूट, बटाटा, वर एक केळं.

सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "डागदरानंच सांगतलं नं, मंग वाढ अजून." मीही वाढली.

वाशीमला नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एक तरुण डॉक्टर आले होते. साखरेचे, लिव्हरचे आणि थायरॉइडचे पेशंट घेऊन त्यांच्या रक्तातल्या प्रथिनांचा अभ्यास करत होते. त्यांनी सासूबाईंचं रक्त घेतलं, पापणी ओढून कावीळ पाहिली, गळा चाचपला. सासूबाई माझ्या कानात बोलल्या, पण ऐकलं सगळ्या रांगेने. "डोया दाखवाले आली मी, हा गया काहून दाबून राह्यला?"

दुपारी रिपोर्ट आला. साखर भरमसाट. मोठे डॉक्टर म्हणाले, घरी गोडधोड चालूच दिसतं... आणि ऑपरेशनच्या यादीतल्या नावावर रेघ मारायला त्यांनी पेन उचललं.

बोलल्या त्या सासूबाईच. "साहेब, माह्या सुनेनं दोन महिने मले साखरेचा दाणा दाखवला नाई. आज एक ताट उसय काय खाल्ली..."

कसली उसळ, म्हणून तरुण डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. कंपाउंडर खो खो हसला, पाठोपाठ रांगही. मी मॅट्रिक झालेली बाई... उपाशी आणि उपास यातला फरक मला कळू नये? जमीन दुभंगावी असं झालं.

तरुण डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना थांबवलं. म्हणाले, ही साखर आज सकाळच्या उसळीची आहे. मागच्या दोन-तीन आठवड्यांची पाहायची तर माझ्याकडे वेगळी तपासणी आहे. अजून अभ्यासातच आहे, पण पाहू तरी.

मला त्यांनी समजावून सांगितलं, की साखर वाढलेली राहिली की ती रक्तातल्या प्रथिनांना हळूहळू चिकटत जाते. एका जेवणाने ती फारशी वाढत नाही आणि एका दिवसाच्या पथ्याने उतरतही नाही.

"म्हणजे संक्रांतीच्या हलव्यासारखं," मी म्हणाले. "पाक थेंब थेंब घालत बसावं लागतं, तेव्हा कुठे तिळावर काटा धरतो."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, गळा आणि कावीळ त्यासाठीच पाहिली. थायरॉइड जोरात असलं की प्रथिनं भराभर बदलतात, लिव्हर बिघडलं की जुनीच रेंगाळतात, आणि मग तपासणी फसवते. मला पटलं... तीळच बदलत राहिले तर काटा धरणार कसा. सासूबाईंचं थायरॉइड आणि लिव्हर दोन्ही ठीक होतं.

रक्त नागपूरला गेलं. मोठ्या डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले. त्या पंधरा दिवसांत देवापुढे डोळे मिटले की मला तीळच दिसायचे...

पुन्हा गेलो ते खरोखरचे उपाशी. पाणीसुद्धा मी कंपाउंडरला विचारून पाजलं. तरुण डॉक्टर कागद घेऊन दारातच उभे होते. "वहिनी, काटा नाही धरलेला."

त्या दिवशीची साखरही ताब्यात निघाली. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? सासूबाईंनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि हात उंच केला. मॅट्रिकच्या निकालाला पेढे वाटले होते, पण ऊर असा भरून आला नव्हता.

ऑपरेशन झालं. दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून त्या अंगणात बसल्या आणि कितीतरी वेळ माझ्याकडेच पाहत राहिल्या...

"काहून वो सूनबाई, एवढी वाळली तू?"

जे त्यांच्या ताटात नव्हतं, ते मीही ताटात घेत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गूळ मागवला, स्वतः उठून मला गुळाचा शिरा करून घातला, आणि आपण एक घासही घेतला नाही.

त्या तरुण डॉक्टरांचं नाव आता आठवत नाही. पण रोज दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडले जातात... देवाला नाव लागत नाही.