नानांच्या हातची लाटी

"शक्यता शे, पुरावा नई," असं म्हणत नाना काचपट्टी उजेडाकडे धरायचे. धुळ्याच्या एका दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत त्यांनी जन्म काढला. राहायचे आमच्याच गल्लीत. यांना जेवायला बोलावू नका, भाजीत मीठ आहे याचाही पुरावा मागतील, असं आम्ही म्हणायचो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शेजारच्या अक्कांच्या नवऱ्याच्या मेंदूत वाईट जातीची गाठ निघाली. मी तेव्हा गावातल्या एका दैनिकात होतो. नानांनी मला समजावलं, अशा गाठीमागे विषाणू असेल का, हे शोधणं चाललंय. ठरलेलं काही नाही, आणि ही गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. मी सगळं लिहिलं. संपादकांनी जागा नाही म्हणून शेवट कापला आणि मथळा ठोकला, 'मेंदूच्या गाठीला विषाणू कारणीभूत'.

झालं! अक्कांकडचं पाणीसुद्धा कुणी पिईना. उन्हाळ्यात आमच्याकडे पापडांच्या पाळ्या लागतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. अक्कांची पाळी आली, पीठ कुटून तयार, आणि पोळपाट घेऊन एक बाई फिरकली नाही. चांगल्या शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या बायका! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

नाना रजा टाकून आले आणि मांडी ठोकून लाटायला बसले. पापड कसले, खानदेशाचे नकाशे! खाटेवरचा अक्कांचा नवरा बऱ्याच दिवसांनी हसला. मी खुलासा छापा म्हणून संपादकांकडे धावलो. "आता शिळं झालं ते," म्हणाले. माणसं वाळीत टाकणारी बातमी ताजी आणि खुलासा शिळा!

तणतणत परत आलो. नानांनी पिठाची लाटी तेलात बुडवून पुढे केली. "खाय."

माझा हात थांबला. क्षणभरच, पण थांबला. सगळं माहीत असलेल्या माझा!

"तू बी का रे?" नाना हळूच म्हणाले.

मी लाटी खाल्ली. तोवर अक्कांनी मान खाली घातली होती.

पावसाळ्याआधी त्यांचा नवरा गेला. चार वर्षांनी नानाही गेले. काहीच घडलं नाही अशा थाटात बायका पुन्हा अक्कांच्या अंगणात बसू लागल्या. अक्का दर उन्हाळ्यात मला पापड पाठवतात, मोजून पन्नास. लाटी मात्र त्यांनी कधीच माझ्यापुढे केली नाही.