ओटीपी मागणाऱ्याला जे ऐकू आलं

भुताखेताचं मला कधीच पटलं नाही. कुणाच्या अंगात आलं तरी मी सरळ बाजूनं निघून जाते. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून थकले आता…

आम्ही संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. त्या वर्षी बीटी कपाशीचं कुठलंही बोंड फोडा, आत गुलाबी अळीच. नवरा पऱ्हाटी उपटायला वावरात गेला होता. घरात मी आणि सासरे, दोघंच. लकव्यानं त्यांची वाचा गेलेली — कित्येक महिन्यांत तोंडातून साधा हुंकार नाही.

भर दुपारी फोन आला. हिंदी बोलणारा, अगदी अदबीचा माणूस. म्हणाला, बोंडअळीची नुकसानभरपाई मंजूर झालीय, खातं तपासायचंय, मोबाइलवर ओटीपी आला असेल तो सांगा. माझं नाव, गाव, बँक, सगळं त्याला ठाऊक. पुढच्या पेरणीचं बियाणं त्याच खात्यातून यायचं होतं. पण खरं सांगते, शंका घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. मी आकडे वाचू लागले.

मधेच त्यानं मला थांबवलं. "मॅडम, आपके पीछे कौन बोल रहा है?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"कोई बुजुर्ग हैं. बार-बार बोल रहे हैं… रोहिणखेडवाली, नोको सांगू."

रोहिणखेड माझं माहेर. या नावानं मला फक्त सासरे हाक मारायचे, तेही वाचा होती तेव्हा. वळून पाहिलं. ते बाजेवर पडलेले, ओठ मिटलेले, डोळे माझ्याकडे. मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं.

फोन कापला आणि बँक गाठली. काही गेलं नव्हतं. बँक फोनवर ओटीपी कधीच मागत नाही, तिथल्या साहेबांनी समजावलं. आवाजाचं त्यांना सांगितलंच नाही. नवऱ्याला सांगितलं. तो दमून आलेला. "लाइनमधी दुसऱ्याचं बोलणं घुसलं असन," म्हणाला, अन् जेवायला बसला. असेलही… पण दुसऱ्याच्या बोलण्यात माझं माहेर कुठून आलं? याचा उलगडा आजवर झालेला नाही.

होळीच्या आधी सासरे गेले. शेवटपर्यंत बोलले नाहीत.

तेरवी झाल्यावर मी त्याच नंबरवर फोन लावला. तो चोर आहे हे माहीत असून. एवढंच विचारायचं होतं — आणखी काय म्हणत होते ते? नंबर बंद होता. अजूनही अधूनमधून लावून पाहते.