सावेकाकांनी काढून टाकलेलं बटण

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा माझ्या खिडकीसमोर बारा-पंधरा पेशंट उभे होते. "सुलभा, हे गेले गं... चहा घेता घेताच," एवढंच बोलल्या नि फोन ठेवला. मी केसपेपर काढत राहिले. काय करणार, पार सायवनकडून जीपला लटकत आलेली माणसं, त्यांना काय सांगू की माझे सावेकाका गेले म्हणून? रांगेतली चौथी, एक म्हातारी, खिडकीतून आत वाकली नि म्हणाली, "का रडते बाय?" तेव्हा कुठे मला कळलं की मी रडतेय. आज त्याला पाच आठवडे झाले.

मी तलासरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. माहेर चिंचणीचं, आई मासळी विकायची, त्यामुळे तोंड आमचं पहिल्यापासून चालू. सावेकाका डहाणूचे. मुंबईत तीस-बत्तीस वर्षं निरनिराळ्या कंपन्यांत प्रोग्राम लिहून रिटायर झाले, चिकूची वाडी बघायला म्हणून घरी परतले, आणि वाडीत काही जीव रमेना म्हणून २०१४ साली आमच्या दवाखान्याचा प्रोग्राम फुकटात लिहायला आले. आले ते कॉम्प्युटरला हातच लावीनात! माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि आठवडाभर माझ्या रजिस्टरात नावं लिहीत राहिले. मला वाटलं, म्हातारा माझ्यावर नजर ठेवायला बसवलाय. तिसऱ्या दिवशी मी तोंडावर विचारलंच. म्हणाले, "मला काम शिकव. जे काम मला हाताने येत नाही त्याचा प्रोग्राम मी लिहीत नाही." मग मी शिकवलं. त्यांचं अक्षर इतकं भिकार की मी दोनदा ओरडलेसुद्धा.

नंतर पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, डहाणूहून आम्ही एकाच एसटीने यायचो आणि वाटेत काकांची टकळी चालू असायची. एवढी वर्षं कंपन्यांत काढलेला माणूस, पण कंपन्यांबद्दल बोलायला लागला की मला हसूच यायचं. "काचेच्या केबिनमध्ये बसलेला माणूस काम करत नाही गं, काम करताना दिसतो. त्यात फार दमतो बिचारा." पासवर्ड दर महिन्याला बदलायचा नियम ज्याने काढला त्याला ते आंघोळीला रोज नवा साबण देणार होते. ट्रस्टच्या सेक्रेटरींना मध्ये ॲपचं वेड लागलं होतं. सगळ्यांचं ॲप आहे, आपलंही पाहिजे. काकांनी शांतपणे विचारलं, "आपल्या पेशंटकडे फोन आहे? आहे तर पाड्यावर रेंज आहे? रेंज आहे तर चार्जिंग कुठे करतो तो? मग ॲप कुणासाठी, तुमच्या व्याह्यांना दाखवायला?" सेक्रेटरी गोरेमोरे झाले. ते हे कधी विसरले नाहीत, आणि त्याचा फटका पुढे मला बसणार होता.

झालं असं. एकच पेशंट दोनदा लिहिला गेला की आकडा फुगतो, अशी सेक्रेटरींची तक्रार होती. म्हणून काकांनी प्रोग्राममध्ये एक बटण दिलं, 'दोन्ही एक करा'. एका बाजाराच्या दिवशी, खिडकीसमोर ही गर्दी, आणि स्क्रीनवर मला दोन नावं दिसली. जानी लखमा धोडी, वय पस्तीस. खाली पुन्हा जानी लखमा धोडी, वय पस्तीस, गाव तेच. वय तर मीच अंदाजाने टाकलेलं, जन्मतारीख कुणाला ठाऊक असते? मला वाटलं, माझ्याच हातून दोनदा लिहिलं गेलंय. दाबलं बटण. 'नक्की?' विचारलं, 'हो' म्हटलं. पंधरा दिवसांनी जानी पायाला गळू घेऊन आली. डॉक्टरांनी कागद बघितला, सिस्टरने इंजेक्शन भरलं, आणि जानीनेच हात मागे घेतला. "ही सुई नको. मागं हिच्यानं मी मरत होती." पेनिसिलिन चालत नाही, हा शेरा यादीतल्या खालच्या जानीच्या नावाखाली होता, आणि ती हीच. बटण एकच नाव ठेवायचं, दुसरं जायचं; त्याबरोबर मी तो पुसला होता. एकाच पाड्यात दोन जान्या होत्या, दोघींचे नवरे लखमा.

बाई वाचली ती तिच्या स्वतःच्या शहाणपणाने, माझ्या नाही. चार दिवसांनी मीटिंग बसली. माझ्या नवऱ्याचं तारापूरचं काम तेव्हा सुटलेलं, घर माझ्या पगारावर चाललेलं. सेक्रेटरी म्हणाले, "ऑपरेटरची चूक आहे, उद्यापासून यायचं नाही." मी मान खाली घालून उभी. आणि काका उठले. "चूक माझी आहे. जे परत फिरवता येत नाही असं बटण मी गर्दीच्या खिडकीवर ठेवलं. हिला काढायचं तर आधी मला काढा. मी फुकट आहे, मला काढणं स्वस्तात पडेल." डॉक्टर हसले, मग हळूहळू सगळेच सैल झाले. माझी नोकरी राहिली.

पण खरं सांगू का, एसटीत बसल्यावर मी काकांशी भांडले. "बटण मी दाबलं. तुम्ही कशाला पदराआड घेता मला? मला दया नको." काका खिडकीबाहेर बघत होते. विवळवेढ्याच्या देवीला जाणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. म्हणाले, "भांडून झालं असेल तर एक सांग, त्या पाड्यातली माणसं दोन जान्यांना कशी ओळखतात?" मी रागातच म्हटलं, "मला काय माहीत! जाऊन विचारा." तर खरंच पुढच्या आठवड्यात मला घेऊन गेले. एक जानी विहिरीवरची, दुसरी तिघी पोरींची आई. आमच्या चिंचणीच्या बाजारातही असंच, नावाने कोण ओळखतंय? काकांनी परत येऊन केसपेपरवर एक रिकामी जागा वाढवली, 'लोक काय म्हणतात'. तिथे मी वाटेल ते लिहायचं. त्यानंतर आमच्या दवाखान्यात एकाचा कागद दुसऱ्याला लागलेला नाही.

मी काकांचे उपकार मानले, अगदी मनापासून. त्यांच्यामुळे माझी चूल पेटती राहिली. तरी आत कुठेतरी सल होताच... की हा भला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी खोट्यावर टिकले. त्यांना पुन्हा विचारायचा धीर कधी झाला नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "गप्प बस, चहा सांग."

मागच्या आठवड्यात वापीहून हेतल आली. काकांचा प्रोग्राम आता ती सांभाळणार. सेक्रेटरींनी तिला पहिलंच काम दिलं, डबल नावं एक करायचं बटण घाला. काकांनी प्रोग्राममध्येच मधे मधे लिहून ठेवलेल्या टिपा ती वाचत बसली होती, एकदम म्हणाली, "सुलभाबेन, इथे तमारं नाव आहे." म्हणजे काकांनी लिहूनच ठेवलं होतं तर, कुणी चुकलं ते. हेतलला मराठी धड वाचता येईना, एकेक अक्षर लावत होती, नि मी वरची तारीख तेवढी बघितली, खाली बघवेना. मीटिंगच्या आदल्या दिवसाची होती. तेव्हा तर काकांना माहीतही नव्हतं की मला काढायचं म्हणतील.

"ए-कत्र... कर-ण्याचं बटण का-ढलं. चूक मा-झी, खिड-कीवर बस-णारीची नाही. सुल-भाला विचार-ल्याशिवाय पर-त घालू नये."

हेतलने माझ्याकडे वळून बघितलं. "तो सुलभाबेन... विचारते. घालू का?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "नको."