वरच्या मजल्यावर हान्नेकाकू

नाताळच्या आदल्या दुपारी सेप्पकाका मला स्टेशनवर घ्यायला आले ते एकटेच. एरवी दोघं यायचे. हान्नेकाकू प्लॅटफॉर्मवर असे हातवारे करत उभ्या असायच्या, जणू मी जन्मात पहिल्यांदाच गाडीतून उतरतेय. या वेळी काकांनी नुसती माझी बॅग उचलली आणि "रस्ता निसरडा आहे, जपून" म्हणाले. वाटेत माझ्याकडे एर्लांगेनला बर्फ पडलं का, गाडीला उशीर किती झाला, एवढंच बोलणं. मला वाटलं, काकू स्वयंपाकघरात गुंतल्या असतील. घरी पोचलो, मी बूट काढले, काकांनी माझा कोट खुंटीला अडकवला आणि त्या कोटाकडेच बघत म्हणाले, "हान्ने वारली. आज सकाळी." मी विचारलं, "कोण हान्ने?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. पण खरं सांगते, डोकं बधिर झालं होतं. परवा संध्याकाळी फोनवर माझ्याशी भांडलेली बाई वारते कशी? भांडण काय, तर मी जाड मोजे आणतेय की नाही!

सकाळी उठल्या, पलंगाच्या कडेला बसून पायांत मोजे घालत होत्या, आणि तशाच कलंडल्या. हृदय थांबलं. डॉक्टर आले, तपासून गेले. "मग आता... कुठल्या हॉस्पिटलमध्ये?" मी विचारलं. काकांनी जिन्याकडे मान वळवली. "वर आहे. उद्या सकाळी न्यायला येतील." मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. आपल्याकडे एव्हाना घर माणसांनी भरलं असतं, कुणी रडतंय, कुणी फोन करतंय, कुणी भटजींना बोलवायला धावतंय. इथे घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती, आणि हॉलमध्ये सजवलेलं झाड उभं होतं.

काकूंची आणि माझी ओळख अशाच एका सुट्टीतली. जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकत असताना हॉस्टेल नाताळात ओस पडायचं, आणि परदेशी मुलांना सुट्टीत घरी न्यायला तयार असलेली कुटुंबं विद्यापीठ शोधून द्यायचं. माझ्या वाट्याला हे दोघं आले. मुलगा कॅनडात, घर मोठं, गाव एवढंसं. काकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. "हे काय घातलंयस? हे बूट आहेत?" आणि मला तळघरात नेऊन स्वतःचे बूट पायांत चढवायला लावले. मला राग आला होता, लपवत नाही. ना ओळख ना पाळख, आणि ही बाई मला दटावतेय! तोंडावर मी त्यांना हान्नेच म्हणायचे, इथली रीतच तशी. पण आईशी बोलताना एकदा नुसतं 'हान्ने' म्हटलं तर आईने फैलावर घेतलं, "आईच्या वयाच्या बाईला नावाने हाका मारतेस?" तेव्हापासून त्या काकू झाल्या.

त्याच पहिल्या संध्याकाळी मोठा घोटाळा झाला. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण इथे साधंच असतं, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड. सॉसेज मी बाजूला सारलं आणि सॅलडवर ताव मारला. दुसऱ्यांदा वाढून घेताना सहज विचारलं, "किती छान झालंय, यात काय काय घातलंय?" काकू अभिमानाने म्हणाल्या, "अगं, खरी चव बीफच्या रश्श्याची!" मी पुण्याच्या शाकाहारी घरातली मुलगी... ताटावरच रडायला लागले. काकूंना कळेचना. "पण मांस कुठेय त्यात? नुसतं पाणीच तर आहे!" मग एकदम त्या लालबुंद झाल्या, उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या, उद्या हॉस्टेलला परत पाठवणार. सकाळी खाली आले तर ओट्यावर उकडलेल्या बटाट्यांचा ढीग, आणि काकू भाज्यांच्या पाण्यात नवं सॅलड कालवत होत्या. माफीबिफी काही नाही. "खाऊन बघ, आणि खोटं बोलू नकोस," एवढंच. मी म्हटलं, मीठ कमी आहे. "हो, हो, बरोबर आहे," म्हणाल्या आणि खूश झाल्या. पुढे शिक्षण संपलं, एर्लांगेनला नोकरी लागली, तरी दर नाताळला तिथली तीच खोली माझी असायची, आणि तळघरात माझ्यासाठी सॅलडचा वेगळा, पिवळ्या झाकणाचा डबा असायचाच.

तर त्या दुपारी जिन्यात बसून मी काकांना विचारलं, "तुम्ही मला फोन का नाही केलात?" ते म्हणाले, "केला असता तर तू आली नसतीस." मला त्या माणसाचा असा संताप आला म्हणून सांगू! शेजाऱ्यांना कळवलंय का, तर नाही. "आज त्यांच्या घरी सण आहे. आज कशाला सांगायचं?" कॅनडाहून मुलगा निघाला होता, पण पोचायला दोन दिवस लागणार होते. मी बाहेर अंगणात जाऊन आईला फोन लावला. आई हादरलीच. "अगं बाई! आणि वर तसंच ठेवलंय म्हणतेस? तू पुढच्या गाडीने परत ये. परक्याचं घर, मयताचा प्रसंग, त्यांच्या रीतीभाती तुला ठाऊक नाहीत. पाहुण्याने अशा वेळी मध्ये मध्ये करू नये." मलाही तेच हवं होतं, कुणीतरी 'निघ' म्हणायला हवं होतं. मग आई थांबली. "त्यांच्याजवळ कोण आहे गं?" मी म्हटलं, कुणी नाही. आई म्हणाली, "मग मला काय विचारतेस? थांब तिथेच."

मी वर गेले. खिडकी सताड उघडी, खोली गारठलेली. काकूंचे केस विंचरलेले होते, ते काकांनीच केलं असणार, भांग चुकीच्या बाजूला होता. एका पायात मोजा होता, एक पाय उघडा. का कोण जाणे, मला त्या उघड्या पायाचंच रडू आलं. दुसरा मोजा पलंगाखाली होता. तो मी त्यांना घातला, आणि आपल्या रीतीने पायांवर डोकं ठेवलं. काका दारात उभे होते.

अंधार पडला. दुकानं दुपारीच बंद झालेली, आता सण संपेपर्यंत उघडणार नव्हती. आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इथे शेजाऱ्यांना पत्ताच नव्हता. काका तळघरात गेले आणि दोन डबे घेऊन आले. एक त्यांचा, एक माझा. "काल दुपारी केलंय तिने," म्हणाले. मला भडभडून आलं. जी बाई वर निजली आहे तिच्या हातचं मी खाली बसून खायचं? हात पुढे होईना. काकांनी तीन ताटल्या मांडल्या होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं, तिसरी उचलली, कुठे ठेवावी कळेना, तशीच हातात धरून उभे राहिले. मग मी झाकण उघडलं आणि वाढून घेतलं. पहिला घास कसा गिळला ते माझं मला ठाऊक. मीठ कमी होतं. मी ते मोठ्याने म्हटलं, आणि काका ती ताटली छातीशी धरून हमसून हमसून रडले. त्यांनी स्वतःच्या डब्याला हात लावला नाही. माझ्यातलंच खाल्लं.

पुढचं सगळं इथल्या पद्धतीने झालं, दफनालाच दोन आठवडे लागले. चर्चमध्ये मी मागे बसले होते, तर मुलगा उठून आला आणि दंडाला धरून मला पुढच्या बाकावर घेऊन गेला. मी एर्लांगेनला परतले, ऑफिस सुरू झालं. तरी अजून सकाळी मोजे घालताना हात थांबतो. इतकं सोपं असतं का हो जाणं...

गेल्या रविवारी काकांचा फोन आला. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, तरी ते फोन ठेवेनात. शेवटी म्हणाले, "आल्झो... म्हणजे, एक विचारायचं होतं. आमच्या खोलीत मला झोप लागत नाही. तुझ्या खोलीत झोपलो तर चालेल का?"

चाळीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलेल्या घरात तो माणूस माझी परवानगी मागत होता. मी म्हटलं, "झोपा. पण नाताळात मला रिकामी करून द्यायची. आणि चादर धुतलेली हवी."

काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. ती पण हेच म्हणाली असती."